दोन वह्या, एक स्कोअर

स्मरणिकेत नोंदणीची, बोअरवेलची आणि रंगकामाची हकिकत इतर मंडळी लिहिणारच आहेत. समितीने माझ्याकडे खेळाचा विषय दिला. पंचवीस वर्षांत कोण जिंकलं, कोण हरलं याची यादी देण्यापेक्षा ते जिंकणं-हरणं लिहून कसं ठेवलं गेलं, हे सांगावंसं वाटतं. कारण सोसायटीच्या कपाटात जुन्या सामन्यांची स्कोअरबुकं आहेत; अलीकडचे सामने मात्र कपाटात नाहीत, ते मोबाईलमध्ये आहेत. पंचवीस वर्षांतला हा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला, पण त्याची नोंद कोणी घेतली नाही.

स्कोअर या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खाच. काठीवर खाचा पाडून मोजायचं, आणि वीस झाले की मोठी खाच. म्हणून स्कोअर म्हणजे वीससुद्धा. आपली कोडीही विसाचीच. क्रिकेटच्या धावासुद्धा इंग्लंडात सुरुवातीला काठीवरच मोजत. तिकडे देण्याघेण्याचा हिशेबही असाच ठेवत, पण त्यात एक हुशारी होती. खाचा पाडल्यावर काठी उभी चिरायची. अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही अर्ध्या जोडून बघायच्या. एकट्याने गुपचूप एक खाच वाढवली तर लगेच उघडी पडायची.

काठी गेली, वही आली, पण ही दोन बाजूंची पद्धत क्रिकेटने सोडली नाही. क्रिकेटच्या नियमांत आजही दोन स्कोअरर सांगितले आहेत. दोघांनी वेळोवेळी वह्या ताडून बघायच्या, आणि स्कोअर बरोबर असल्याची खात्री अंपायरने करून घ्यायची. ज्यांनी कधी वही लिहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक चेंडू दोन ठिकाणी लिहावा लागतो, एकदा बॅट्समनच्या नावापुढे आणि एकदा बोलरच्या चौकोनात. शेवटी बॅट्समनच्या धावा अधिक एक्स्ट्रा, आणि बोलरने दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, या दोन्ही बेरजा एकूण स्कोअरशी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर पाच मिनिटं दोन्हीकडचे स्कोअरर डोकं खाजवत बसतात, आणि बाहेरून पोरं ओरडतात, "काय होऊन राहिलं बे? सांगा ना लवकर!"

दुसरी वही नसली की काय होतं? इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात 1899 साली ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद 628 धावा केल्या. शंभराहून जास्त वर्षं तो जगातला सर्वांत मोठा वैयक्तिक स्कोअर होता. पण वही लिहिणाऱ्याने स्वतःच तेव्हा म्हटलं होतं म्हणतात, की 628 धरा, वीसेक इकडे-तिकडे!

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना होता. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनच्या 452 ची बरोबरी करायला फक्त 9 धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानाने सामना सोडला आणि संघ निघून गेला. वही उघडी, बॅट्समन तयार, पण समोर संघच नाही. 443 हा प्रथम श्रेणीत भारतीयाचा सर्वांत मोठा स्कोअर म्हणून आजही उभा आहे, आणि तो तिथेच का थांबला याचं उत्तर आकड्यात दिसत नाही. स्कोअरला दोन बाजू लागतात, हे मला या सामन्याइतकं दुसऱ्या कशाने पटलं नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या टीमा रविवारी खेळायच्या तेव्हा मी वही धरायचो. सामना संपला की दोन्ही कप्तानांची सही घ्यायची, मग कोऱ्या कागदावर चार ओळींचा सारांश काढायचा, आणि नागपूरला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती तो पेपरच्या कचेरीत पोचवायचा. कधी एसटीने, कधी इटारसीकडून येणाऱ्या पॅसेंजरने. छापून येईलच असं काही नव्हतं. नागपुरात व्हीसीएच्या गुझदर लीगचे सामने असले की आमच्यासाठी जागा कुठून उरणार? पण आली दोन ओळींची बातमी, तर ते कात्रण वर्षभर खिशात फिरायचं.

सोसायटी झाली तेव्हा इंटरनेट जगात होतं, आपल्या इमारतीत नव्हतं. क्रिकइन्फो 1993 मध्येच सुरू झालं होतं, आणि सुरुवातीला ते हौशी मंडळींवरच चालायचं. परदेशात शिकणारी भारतीय मुलं रात्र जागून स्कोअर टाइप करायची. पण ते मोठ्या सामन्यांसाठी. गल्लीतला सामनाही सगळ्यांना दिसू शकतो हे कळलं ते 2016 च्या जानेवारीत. कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडे पहिल्या दिवशी 652 वर नाबाद राहिला, आणि कॉलिन्सचा विक्रम मोडल्याची बातमी त्याच संध्याकाळी फोनाफोनी पसरली. दुसऱ्या दिवशी 1009 झाल्या तेव्हा मैदानाभोवती कॅमेरे होते.

मग आली अॅप. अहमदाबादच्या क्रिकहीरोजसारख्या अॅपवर आपली पोरं चेंडू टाकल्याबरोबर बोट दाबतात. बेरीज, सरासरी, रनरेट सगळं आपोआप. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा तिथून वडिलांचा स्कोअर बघतो आणि फोनवर म्हणतो, "बाबा, सतरा बॉलमध्ये चार?" हे सुख वहीत नव्हतं.

पण वहीत आणि अॅपमध्ये चुकांची जात वेगळी आहे. वहीत बेरीज चुकायची, आणि दुसऱ्या वहीमुळे सापडायची. अॅपची बेरीज चुकत नाही. मात्र स्ट्राइकवर कोण आहे हे दाबणाऱ्याने चुकीचं धरलं, तर संजूच्या धावा राजूच्या नावावर जातात आणि टोटल बरोबरच राहते! सगळं जुळलेलं दिसतं, म्हणून कोणी शोधत नाही. शिवाय मोबाईल एक, दाबणारा एक. दुसरा स्कोअरर सुटीवर गेला तो गेलाच.

दुसऱ्या खेळांनी यावर तोड ठेवली आहे. इंग्लंडात पबांमध्ये डार्ट्सच्या हौशी लीग चालतात. 501 वरून वजा करत शून्यावर यायचं, शेवटचा बाण दुहेरीच्या कड्यात. पूर्वी पाटीवर खडूने लिहायचे. आता निकाल ऑनलाइन भरतात, पण अनेक लीगमध्ये एका कप्तानाने भरायचा आणि दुसऱ्याने मान्य करायचा, अशी रीत आहे. बुद्धिबळात तर फिडेचा नियमच आहे: डाव संपल्यावर दोघांनी दोन्ही कागदांवर निकाल लिहून सही करायची, आणि तो चुकीचा लिहिला तरी पंचाने वेगळं ठरवलं नाही तर तोच कायम. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला. तिच्यामुळे आपल्या इमारतीतली जी चिल्लीपिल्ली पट घेऊन बसली आहेत, त्यांच्या आईबाबांनी हा नियम पाठ करून ठेवावा. निकाल चेस-रिझल्ट्सवर चढतो तो नंतर, आधी सही.

आणि यात आपल्याला नवीन ते काय? दरवर्षी सर्वसाधारण सभेत पहिला विषय असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." सचिवाने लिहिलं म्हणून ते खरं होत नाही; सभेने ऐकून कायम केलं की होतं. आपण ते कंटाळत ऐकतो, पण पंचवीस वर्षं सोसायटी कोर्टकचेरीशिवाय चालली त्यात या एका ओळीचा वाटा आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अॅप राहू द्या. सामना संपल्यावर त्याचं स्कोअरकार्ड दोन्ही कप्तानांनी नावांसकट तपासावं, एक प्रिंट काढावी, दोघांनी सही करावी आणि कपाटातल्या फाइलला लावावी. कंपन्या बंद होतात, पासवर्ड हरवतात. त्या कपाटातल्या पहिल्या वह्यांत अशा काही जणांचे स्कोअर आहेत जे आज आपल्यात नाहीत. त्यांची नातवंडं ते पान उघडून आजोबांच्या नावापुढचे चौके मोजतात. गेल्या रविवारी ज्याने चौका मारला, त्याचं पानही तिथे असायला हवं. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.