वृक्षसंगोपनाचा वारसा



वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालेत झाडांविषयी बोलणे सोपे वाटते. आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, पिंपळाला नवी पालवी फुटलेली असते. पण गेल्या आषाढात लावलेल्या रोपाच्या दृष्टीने हाच काळ कसोटीचा असतो. रहिमतपूरकरांना हे समजावून सांगायला नको. पश्चिमेस महाबळेश्वरचा पाऊस आणि पूर्वेस माण-खटावचा दुष्काळ, या दोहोंच्या मध्ये हे गाव वसले आहे. झाड लावणे एका दिवसात उरकते. ते जगवण्यासाठी मात्र फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पाणी वाहावे लागते. म्हणून झाडे कोणी लावली यापेक्षा ती कोणी राखली आणि का राखली, हा प्रश्न इतिहासाला विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

रस्त्याच्या कडेने वड लावल्याचे आणि आमराया उठवल्याचे अशोकाने आपल्या लेखांत नमूद केले, त्याला सव्वादोन हजार वर्षे झाली. पण आपल्याला अधिक जवळचा पुरावा आहे तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. इ. स. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात शिवकालापासून चालत आलेली राजनीती सांगितली आहे. आरमारासाठी लाकूड लागते. आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामी येते. तरीही त्यांना हात लावू नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. बळजोरी करू नये. येथे झाडाच्या रक्षणाचा पाया दंडावर नसून लावणाऱ्याच्या श्रमावर आणि हक्कावर घातला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इंग्रजी अमदानीत हा पाया बदलला. १८७८च्या जंगल कायद्याने राखीव वने सरकारची झाली आणि ज्यांचे जगणे रानावर होते तेच रानात गुन्हेगार ठरले. १९३० साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील बिळाशी येथे लोकांनी जंगल सत्याग्रह केला. सागाचा सोट तोडून त्यावर तिरंगा चढवला. त्या लोकांना झाडाचे वैर नव्हते. रान आपले आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते.

स्वराज्य आल्यावर, १९५० साली, केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू थोर होता. पण उत्सव जुलैत येतो आणि ऊन एप्रिलात. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. २०१९ साली तो ३३ कोटींवर गेला. आकडे लावणीचे मोजले गेले. गावाने मोजायचे ते जगलेल्या झाडांचे.

त्याच २०१६च्या उन्हाळ्यात आपल्या कोरेगाव तालुक्यात निराळे काही घडले. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी महाराष्ट्रातून जे तीन तालुके निवडले, त्यांत कोरेगाव एक होता. गावोगाव माणसे कुदळ-फावडे घेऊन शिवारात उतरली, आणि वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. भर उन्हात ही माणसे राबली, कारण अडलेले पाणी त्यांच्याच विहिरींत उतरणार होते. आज्ञापत्रातील रयतेचा न्याय तीनशे वर्षांनी पुन्हा सिद्ध झाला.

वृक्षारोपणासाठी स्वयंस्फूर्तीने एकत्र येणाऱ्या मंडळींनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. रोपे थोडी लावावीत, पण प्रत्येक रोपाला एक घर नेमून द्यावे. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच अशी या मातीत टिकणारी झाडे निवडावीत. हजेरी आषाढात न घेता गुढीपाडव्याला घ्यावी. जे रोप त्या दिवशी हिरवे असेल, तेच लावले गेले असे समजावे. पुढील वर्षी या मांडवात आपण भेटू, तेव्हा तेवढीच संख्या एकमेकांना सांगू.