‘डफ’ हे नाव आजोळचे

साताऱ्याचा रेसिडेंट आणि १८२६ साली मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडातील बँफ गावी १७८९ साली जन्मला. त्याचे मूळ आडनाव ग्रँट. आईकडची ईडन येथील मालमत्ता वारशाने मिळाल्यावर त्याने ‘डफ’ जोडले. हे कळल्यावर उत्सुकतेपोटी प्रस्तुत लेखकाने स्कॉटिश कुलेतिहासाचा प्राथमिक अभ्यासवर्ग घरबसल्या, संगणकावर पूर्ण केला.

पहिलाच धडा आपल्या रीतीच्या उलट निघाला. आपले कुलवृत्तान्त मूळ पुरुषापासून खाली उतरतात. तेथे स्वतःपासून आरंभ करून एकेक पिढी मागे जायचे. तिकडे जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईबापांचे वय, जन्मस्थान, विवाहाची तारीख, आधीची अपत्ये असे सारे विचारले आहे. कारकुनांना तो भार पेलवेना; पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले. १८५५ मध्ये ज्याच्या घरी पाळणा हलला, त्याचे वंशज भाग्यवान!

त्यापूर्वीचा आधार चर्चच्या वह्यांचा. त्यांतील सर्वांत जुनी वही पर्थशायरमधील एरल गावची, १५५३ ची. पण १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, म्हणून कित्येकांनी नोंद केलीच नाही.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल तेथेही होती. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. मला मात्र अधिक मोलाचा वाटला तो मृत्युनोंदीतील एक रकाना. मृत व्यक्तीच्या आईचे नाव तेथे तिच्या माहेरच्या आडनावासह लिहितात. माहिती देणारा चुकू शकतो, हे खरे. पण प्रश्न तरी विचारला जातो.

आमच्या छापील कुलवृत्तान्तात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. पणजीपुढे केवळ ‘सौ. आवडीबाई’. माहेर नाही, गाव नाही. अभ्यासवर्ग संपताच एक्क्याण्णव वर्षांच्या आत्याबाईंना विचारले. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. म्हणाल्या, “आडनाव नाही रे सांगता येत. पण तिला सगळे ‘धारच्या काकू’ म्हणत.”

कुलवृत्तान्ताच्या समासात मी पेन्सिलीने ‘धार’ लिहिले आहे. पुढील महिन्यात तिकडे जाणे आहे.