हजार यार्डांवरचा पहिला नेम

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या. या दोघांचं लक्ष्य 50 मीटरवर होतं. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यातलं लक्ष्य 1000 यार्डांवर आहे. म्हणजे 914 मीटर. रस्त्याकडेच्या एका किलोमीटरच्या दगडापासून जवळजवळ दुसऱ्या दगडापर्यंत. तिथं तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा चौकोन ठेवायचा, आपल्या खिडकीएवढा, आणि दुर्बीण न लावता त्याच्यात गोळी घालायची.

ही गोष्ट अमेरिकेतली आहे, 1874 सालची. पण तिचं मूळ इंग्लंडमध्ये सापडतं. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर 1860 मध्ये तिथल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली मोठी स्पर्धा भरली. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. झाडली म्हणजे काय, रायफल आधीच तिवईवर घट्ट बसवून 400 यार्डांवर नेम धरून ठेवलेली होती. राणीने घोड्याला बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि गोळी लक्ष्याच्या अगदी मधोमध गेली. (कागद दुसऱ्याने तयार करायचे आणि बाईने फक्त सही करायची, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.) पण राणीने त्या वर्षी स्वतःच्या नावाचं बक्षीसही ठेवलं. त्याचा उल्लेख शेवटी करीन, लक्षात ठेवा.

पुढे 800, 900 आणि 1000 यार्डांवरून एल्को ढालीसाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे संघ भिडू लागले. 1873 मध्ये आयर्लंडने ती ढाल पहिल्यांदा जिंकली. जिंकल्यावर अंगात बळ येतंच. त्यांचे कप्तान मेजर लीच यांनी न्यूयॉर्क हेराल्ड या वर्तमानपत्रातून अमेरिकेतल्या तमाम नेमबाजांना आव्हान दिलं. तुम्ही तुमच्या देशात बनलेल्या रायफली घ्या, आम्ही आमच्या घेतो. अंतरं तीच तीन. पैज दोन्हीकडून 100 पौंडांची, म्हणजे 500 डॉलरची.

आता अमेरिकेची परिस्थिती पाहा. यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या युद्धात शिपायांचा नेम किती कच्चा होता ते अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांतलेच दोघे, विल्यम चर्च आणि वकिली करणारे जॉर्ज विनगेट, यांनी 1871 मध्ये अमेरिकेची रायफल संघटना काढली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन घेऊन तिथं मैदान केलं. नाव पडलं क्रीडमूर. ते सुरू झालं 1873 मध्ये. म्हणजे आव्हान आलं तेव्हा मैदानाला धड एक वर्षही झालेलं नव्हतं.

आव्हान सगळ्या देशाला होतं, पण उचललं ते न्यूयॉर्कच्या हौशी रायफल क्लबने. एका शहरातला लहानसा क्लब. हजार यार्डांवरून नेम धरायचा सराव तिथं कुणालाच नव्हता. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या अंतराला पुरेल अशी देशी रायफलच बाजारात नव्हती. साहित्य नाही, अनुभव नाही आणि समोर ढाल जिंकून आलेला संघ. तरी त्यांनी होकार कळवला. मला विचाराल तर या गोष्टीतली सगळ्यात धाडसाची गोळी हीच.

मग तयारी सुरू झाली. रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी पैजेचे पैसे निम्मे-निम्मे भरले आणि रायफली बनवायचं अंगावर घेतलं. गंमत अशी की रेमिंग्टनची रायफल आखणारे कारागीर हेपबर्न स्वतःच पुढे संघात आले, आणि शार्प्सच्या कारखान्यातले येलही. ज्याने हत्यार केलं त्यानेच ते वापरलं, त्यामुळे खोट कुठे आहे हे कळायला वेळ लागला नाही.

आयरिश लोकांच्या रायफली जुन्या पद्धतीच्या होत्या. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची. अमेरिकनांच्या रायफली मागून भरायच्या. त्या काळच्या जाणकारांचं मत असं की लांबच्या नेमाला ठासणीचीच रायफल खरी. म्हणून या सामन्यात माणसांबरोबर दोन पद्धतींचाही निकाल लागणार होता.

लांब नेमातली खरी अडचण हत्यारात कमी आणि हवेत जास्त असते. त्या वेळच्या काळ्या दारूवर गोळीला हजार यार्ड जायला तीनेक सेकंद लागत. तुम्ही मनात एक, दोन, तीन म्हणा, तेवढा वेळ ती हवेत. तेवढ्यात आडवा वारा तिला कित्येक फूट बाजूला नेतो. ऊन तापलं की लक्ष्य पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. हवा दमट-कोरडी झाली की नळीत जळलेल्या दारूचा थर निराळा बसतो. रायफल थोडी जरी कलली तरी गोळी बाजूला जाते, म्हणून पुढच्या माशीजवळ गवंड्याच्या पाणसळीसारखी बारीक नळी बसवलेली असे. मागची पट्टी केसाएवढ्या मापाने वरखाली सरकवायची सोय असे.

हे सगळं डोक्यात कसं राहणार? राहत नाही. ते वहीत लिहावं लागतं. आज पट्टी कितीवर होती, वारा कुठून होता, गोळी कुठे लागली. पुढच्या वेळी तसाच वारा आला की वही उघडायची. विनगेट यांनी तर नेमबाजी पायरीपायरीने कशी शिकवावी यावर पुस्तकच लिहिलं होतं. आमच्या गटात नवीन बाई आली की ती म्हणते, एवढं लिहायचं कशाला, माझ्या ध्यानात राहतं. तिला आता क्रीडमूर सांगायला हरकत नाही.

संघ निवडला तोही ओळखीपाळखीवर नव्हे. सरावाच्या सामन्यांत ज्याचे गुण जास्त, तो आत. शेवटी सहा जण ठरले: फुल्टन, येल, बोडीन, गिल्डरस्लीव्ह, हेपबर्न आणि डेकिन. विनगेट कप्तान, पण ते स्वतः नेम धरणार नव्हते.

26 सप्टेंबर 1874. हजारो माणसं मैदानावर लोटली. प्रत्येकाने प्रत्येक अंतरावरून 15 गोळ्या झाडायच्या. मधल्या चौकोनात लागली तर 4 गुण, त्याच्या बाहेर 3, अगदी कडेला 2. फुल्टन पाठीवर उताणे झोपून, पाय लक्ष्याकडे करून नेम धरत. पाहणाऱ्याला हसू यावं अशी बैठक, पण 180 पैकी 171 गुण त्यांनीच मिळवले, दोन्ही संघांत सर्वांत जास्त.

800 यार्डांवर अमेरिका 326, आयर्लंड 317. जेवणाच्या सुट्टीत लीच यांनी यजमानांना चांदीचा पेला भेट दिला, स्पर्धा अर्धवट असताना. हा मोठेपणा मला फार आवडतो. 900 यार्डांवर आयर्लंडने दोन गुण भरून काढले, 312 विरुद्ध 310. पण तिथंच एक गडबड झाली. त्यांच्या मिल्नर यांची गोळी बरोबर मधल्या चौकोनात बसली, फक्त शेजारच्या लक्ष्यावर. गुण शून्य. रक्कम बरोबर, पण भरली दुसरीच्या पासबुकात, असं झालं ते.

हजार यार्डांवर आयर्लंडने 302 केले आणि त्यांची बेरीज 931 वर थांबली. अमेरिकेची 930 झाली होती आणि एकच गोळी उरली होती, बोडीन यांची. त्याच्या थोडं आधी त्यांच्या हातात जिंजर बीअरची बाटली फुटून हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून ते जमिनीवर पडले. गोळी सुटली. तीन सेकंद. मग लक्ष्याखालच्या खंदकातून पांढरी चकती वर आली, म्हणजे मधला चौकोन. चार गुण. 934 विरुद्ध 931.

मिल्नर यांचे ते चार गुण धरले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं. म्हणून काही जण याला नशिबाचा विजय म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. नशीब तीन-चार गुणांचं होतं. बाकीचे 930 सरावाचे होते. आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचा संघ आयर्लंडला गेला, डब्लिनजवळ डॉलीमाउंटला, आणि 967 विरुद्ध 929 असा जिंकून आला. तिथं कुणाची गोळी शेजारी जाण्यावर निकाल अवलंबून नव्हता.

आता राणीच्या त्या बक्षिसाकडे येऊ. गादीवर राजा असला की त्याला राजाचं बक्षीस म्हणत. त्याची अंतिम फेरी 900 आणि 1000 यार्डांवर होत असे. सत्तर वर्षं ते पुरुषांकडेच जात राहिलं. 1930 साली बिस्लीच्या मैदानावर मार्जोरी फॉस्टर यांनी ते एका गुणाने जिंकलं. पहिल्या महायुद्धात त्यांनी गाडी चालवायचं काम केलं होतं. जिंकल्या त्या वेळी त्या फ्रिम्ली गावात एका मैत्रिणीबरोबर कोंबड्या पाळायचा व्यवसाय करत होत्या.