सातास सहा आणि एकास सहा



१९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने नागपूरकडील पुष्कळ मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. ज्या भूमीवर ती नांदू लागली, त्या भोपाळ संस्थानचे एके काळी स्वतःचे नाणे होते. बेगमांच्या राजवटीत येथे रुपये पाडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भोपाळी रुपयाची जागा इंग्रजी रुपयाने घेतली. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला ‘कलदार’ म्हणत. हिंदुस्थानातील बहुतेक संस्थानी रुपये असेच कलदारापुढे मावळले. परंतु मराठी मुलखात आणि त्याच्या सीमेवर दोन चलने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. एक निजामाच्या राज्यातील हाली सिक्का आणि दुसरा गोव्यातील पोर्तुगीज रुपया. आज त्यांच्या विनिमयाच्या दरांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

‘हाली’ म्हणजे चालू काळचा. आपला ‘हल्ली’ हा शब्द त्याच घराण्यातला. पहिल्या सालारजंगाच्या कारभारात हैदराबादची टाकसाळ सुव्यवस्थित झाली आणि जागोजागच्या नाण्यांच्या गर्दीतून हा एक सिक्का पुढे आला. त्याचा दर मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही पाठ असे : शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. आकडा अवघड दिसतो. पण त्रैराशिक मांडले की तो अगदी सोपा होतो. सात हाली बरोबर सहा कलदार! या प्रमाणाचे मूळ धातूत होते. हाली रुपयात चांदी कमी असे आणि सात हाली रुपयांतील चांदी सुमारे सहा कलदार रुपयांतील चांदीइतकी भरे.

समजा, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने सोलापूरच्या पेठेत माल विकून साठ कलदार मिळवले. गावी त्यांचे सत्तर हाली व्हावयास हवेत. परंतु मध्ये सराफ बसलेला! त्याने प्रत्येक रुपयामागे थोडा जरी बट्टा कापला, तरी त्या दिवसाच्या मीठ-तेलाचा खर्च त्यात निघून जाई. दर सरकार ठरवते. बट्टा मात्र भरतो तो हिशेबात कच्चा असणारा मनुष्य. दोन चलनांच्या सीमेवर राहणाऱ्यांची ही कायमची व्यथा होय.

गोव्यात निराळा प्रकार होता. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यानंतर गोव्याचे रुपये कलकत्त्याच्या टाकसाळीत, इंग्रजी रुपयाच्याच वजनाचे व कसाचे पाडले गेले. एका रुपयाचे सोळा टांग, जसे आपल्याकडे सोळा आणे. जकातीचा करार १८९२ साली संपला, तरी नाण्याची बरोबरी पुढे टिकली. मात्र १ जानेवारी १९५९ पासून पोर्तुगीज सरकारने तेथे एस्कुदो हे चलन आणले आणि एका रुपयास सहा एस्कुदो असा दर ठरवला.

हा ‘सहा’ आला कोठून? दुसऱ्या महायुद्धानंतर जगातील बहुतेक चलने अमेरिकन डॉलरशी बांधलेली होती. १९४९ पासून एका डॉलरला आपले सुमारे पावणेपाच रुपये पडत आणि पोर्तुगालचे पावणेएकोणतीस एस्कुदो. भागाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ सहाच येते. गोव्यात तीन व सहा एस्कुदोंची नाणीही निघाली. त्यामुळे बाजारातील बाईला सहा एस्कुदोंचे नाणे म्हणजे आपला जुना रुपया आणि तीनचे म्हणजे आठ आणे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे होई.

परंतु चलनाची खरी परीक्षा त्याला जन्म देणारी सत्ता जाते त्या दिवशी होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. त्या रात्री ज्यांच्या गाडग्यात हाली रुपये होते, त्यांचे काय व्हावे? हाली सिक्का एकाएकी मोडीत निघाला नाही. १९५० नंतरही काही काळ भारतीय रुपयाच्या बरोबरीने तो चालला आणि सातास सहा हाच दर राहिला. विशेष असे की, या दराचा जो मूळ आधार, ती चांदी, तोवर नाण्यांतून सरत आली होती. इंग्रजी रुपयातील चांदी १९४० साली निम्म्यावर आली आणि १९४७ साली तो निव्वळ निकेलचा झाला. धातू गेला, तरी प्रमाण उरले. कारण आता ते वचन झाले होते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला. पण तेथे एक जखम राहिली. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत सामान्य गोवेकरांनी तारण ठेवलेले दागिने मुक्तीच्या थोडे आधी लिस्बनला हलवण्यात आले होते. ते परत यावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! बांगड्या गहाण ठेवताना जी नवी नवरी होती, तिला तोवर नातवंडे झाली असतील. एस्कुदोचा दर कागदावर अचूक होता. पण त्या दराने तिचे मंगळसूत्र सोडवता आले नाही.

विनिमयाचा दर आपण आकड्यांची गोष्ट समजतो. वस्तुतः तो एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या माणसाला दिलेला शब्द असतो. तो शब्द पाळला गेला की नाही, याचा निकाल मोठ्या पेढीत लागत नाही. तो लागतो गरिबाच्या गाडग्यात आणि तारणाच्या पावतीवर. भोपाळी, हाली आणि गोव्याचा रुपया आज नाणेसंग्राहकांच्या पेटीत शेजारी शेजारी पडलेले असतात. तेथे त्यांना बट्टा लागत नाही. तो ज्यांनी भरला, त्यांची नावे मात्र कोणत्याही नाण्यावर कोरलेली नाहीत.