हात कोरडे करणे : स्वच्छतागृहांतील साधने आणि त्यांची निवड

साबण-पाण्याने धुतलेल्या हातांवर उरलेले पाणी काढून टाकण्याची क्रिया. हात धुण्याचा हा शेवटचा टप्पा असून आरोग्याच्या दृष्टीने तो साबणाइतकाच महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रुग्णालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हात धुण्याला एकूण ४० ते ६० सेकंद द्यावेत असे सांगितले आहे. त्यात एकदाच वापरायच्या टॉवेलने हात पूर्ण कोरडे करणे आणि त्याच टॉवेलने नळ बंद करणे, अशा दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक स्वच्छतागृहांत नेमक्या याच दोन पायऱ्या गळतात. साबण असतो, पाणी असते. पुढे काय करायचे हे ज्याचे त्याने पाहायचे. मग हात पँटला, ओढणीला, पदराला पुसले जातात, किंवा तसेच ओले हात दाराच्या कडीला लागतात.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा मुळशी तालुका या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू एकत्र दाखवतो. पूर्वेला हिंजवडी-माण परिसरात औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेले राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. पिरंगुट, उरवडे, घोटवडे या पट्ट्यात कारखाने आहेत. लवळ्याला सिंबायोसिसचा विद्यापीठ परिसर, पौडला तालुक्याची कचेरी आणि ग्रामीण रुग्णालय. पश्चिमेला मुळशी धरण आणि ताम्हिणी घाट. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पौड रस्त्यावरची हॉटेले, पेट्रोल पंप आणि रिसॉर्ट पर्यटकांनी भरून जातात. वातानुकूलित कार्यालयातले बेसिन आणि घाटरस्त्यावरच्या हॉटेलाबाहेरचा नळ यांना एकच उपाय लागू पडत नाही. तरीही खरेदी करताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : किंमत आणि दिसणे.

ओलाव्याचा जंतूंशी काय संबंध, याचे उत्तर न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. पॅट्रिक, फिंडन आणि मिलर या संशोधकांनी धुतलेल्या पण ओल्या हातांनी त्वचेला, अन्नाला आणि वापरातल्या वस्तूंना स्पर्श केल्यावर किती जिवाणू तिकडे जातात ते मोजले. हातावरचे पाणी जसे कमी होत गेले तसे जिवाणूंचे स्थलांतरही कमी झाले. आधी १० सेकंद कापडाने पुसून मग २० सेकंद गरम हवेखाली धरल्यास हे प्रमाण त्वचेसाठी ९९.८, अन्नासाठी ९४ आणि वस्तूंसाठी ९९ टक्क्यांनी घटले. पाण्याचा पातळ थर जंतूंना एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर सहज वाहून नेतो, हे त्यामागचे साधे कारण. नीट धुतलेल्या हातांवरही काही जंतू उरतातच. हात कोरडा असेल तर ते बरेचसे हातावरच राहतात.

म्हणून साधन कोणते याआधी हात खरोखर कोरडे होतात का, हे पाहायला हवे.

सर्वांत जुने आणि सर्वांत घातक साधन म्हणजे बेसिनशेजारी खिळ्याला टांगलेला सामाईक नॅपकिन. खानावळीत, चहाच्या हॉटेलात, लहान कारखान्याच्या मोरीत, क्वचित दवाखान्यातही तो दिसतो. सकाळी कोरडा, दुपारी दमट, संध्याकाळी ओलाचिंब. अशा कापडाने हात पुसणारा माणूस आधीच्या सगळ्यांच्या हातांवरचे जंतू उचलतो. एकेकाळी खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा हा डोळ्यांना आंधळे करणारा रोग, याच वाटेने घरोघर पसरत असे. एकाच टॉवेलने तोंड-हात पुसणे हा त्याच्या प्रसाराचा ओळखीचा मार्ग होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सार्वजनिक ठिकाणच्या सामाईक टॉवेलवर बंदी घातली ती अशा रोगांच्या धास्तीनेच. भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. खुपऱ्या गेल्या, खिळ्यावरचा नॅपकिन मात्र अजून आहे. मुळशीतल्या कोणत्याही उपाहारगृहाला स्वच्छतेची सुरुवात करायची असेल, तर एक पैसाही खर्च न करता ती हा नॅपकिन काढून करता येईल.

कागदी टॉवेलचा जन्म सामाईक टॉवेलवरच्या बंदीच्याच सुमाराचा. फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीने १९०७ च्या सुमारास तो बाजारात आणला. त्याचे बळ दोन गोष्टींत आहे. तो पाणी शोषतो, आणि घासल्यामुळे त्वचेवर उरलेले जंतूही काही प्रमाणात पुसून नेतो. दहा-पंधरा सेकंदांत काम होते, आवाज नाही, वीज नाही, आणि त्याच कागदाने नळ बंद करता येतो, दार उघडता येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा घेतलेला आढावा २०१२ मध्ये मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात आला. स्वच्छतेच्या दृष्टीने कागद हवेच्या यंत्रांपेक्षा सरस, आणि रुग्णालयांत कागदच वापरावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

विजेवर चालणारा हँड ड्रायर अमेरिकेत १९२० च्या दशकात पेटंटच्या कागदावर आला आणि १९४८ नंतर प्रत्यक्ष वापरात रुळला. गरम हवेचा जुना प्रकार पाण्याची वाफ करतो. त्याला ३० ते ४५ सेकंद लागतात आणि इतका वेळ बहुतेक लोक थांबत नाहीत. अर्धवट ओले हात घेऊन माणूस बाहेर पडतो. यंत्र बिघडलेले नसते, पण काम झालेले नसते. १९९३ मध्ये जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकने आणि २००६ मध्ये ब्रिटनच्या डायसनने आणलेली ‘जेट’ यंत्रे वाफेवर विसंबत नाहीत. हवेच्या जोरदार झोताने ती पाणी हातावरून उडवतात आणि दहा-बारा सेकंदांत हात कोरडे करतात.

उडालेले पाणी जाते कुठे, यावरून मोठा वाद आहे. लीड्स विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगात लॅक्टोबॅसिलस हे निरुपद्रवी जिवाणू हातांना लावून, हात न धुताच ते निरनिराळ्या साधनांनी वाळवण्यात आले. जेट यंत्राजवळच्या हवेत कागदाच्या तुलनेत २७ पट आणि गरम हवेच्या यंत्राच्या तुलनेत साडेचार पट जिवाणू आढळले. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात विषाणूंच्या बाबतीत ही तफावत याहून कितीतरी मोठी दिसली. हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. लीड्सच्या त्या अभ्यासाला युरोपातील टिशू उत्पादकांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. शिवाय नीट धुतलेल्या हातांवर इतके जिवाणू नसतात. मेयो क्लिनिकच्याच नियतकालिकात २००० मध्ये आलेल्या एका चाचणीत कापड, कागद, गरम हवा आणि नुसते वाळू देणे या चार पद्धतींत जिवाणू काढण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नव्हता. वाद अजून मिटलेला नाही. पण आपल्याकडे घाईघाईत, साबणाशिवाय, नुसते पाण्याखाली हात धरणारे लोक थोडे नाहीत. लीड्सचा प्रयोग अशाच हातांची नक्कल करणारा होता, त्यामुळे मुळशीच्या हमरस्त्यावर तो अधिक लागू पडतो.

कनेक्टिकट विद्यापीठातील २०१८ मधला अभ्यास याहून उपयोगी आहे. तेथील ३६ स्वच्छतागृहांत गरम हवेच्या झोतासमोर ३० सेकंद धरलेल्या बशीवर सरासरी १८ ते ६० जिवाणू-वसाहती उगवल्या. यंत्राच्या तोंडाशी जिवाणू फारसे नव्हते; यंत्र खोलीतलीच हवा खेचून हातांवर सोडत होते. हवा गाळणारी हेपा गाळणी बसवल्यावर वसाहती चौथ्या हिश्श्यावर आल्या. अर्थ सरळ आहे : शौचालयाला नीट वायुवीजन नसेल, कमोडला झाकण नसेल, तर महागडा ड्रायरही तिथलीच हवा परत देतो. ड्रायर घेणाऱ्याने गाळणी आहे का, ती किती दिवसांनी बदलायची आणि बदलणार कोण, हे आधी विचारायला हवे.

आवाजाचा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातील एका शाळकरी मुलीने सार्वजनिक ठिकाणच्या ४४ ड्रायरांचा आवाज मोजला आणि वयाच्या तेराव्या वर्षी, २०१९ मध्ये, तो अभ्यास बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या कानाच्या उंचीवर काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला होता. शाळा, पाळणाघर, बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आणि कुटुंबे येतात अशी रिसॉर्ट यांनी याची दखल घ्यावी.

मुळशीचा पाऊस हा निवडीतला आणखी एक मोठा घटक. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ आणि लवासाला ४५३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवसांत टांगलेले कापड दिवसभरात वाळतच नाही आणि त्यावर बुरशी धरते. उघडा ठेवलेला टिशूचा गठ्ठाही ओल खेचून मऊ पडतो, म्हणून पावसाळी भागात बंद पेटीच हवी, खालून एक-एक कागद ओढता येणारी. गरम हवेचे यंत्र हवा तापवत असल्याने दमट दिवसांतही चालते. मात्र घाटमाथ्यावर वादळी पावसात वीज जाणे नेहमीचे आहे, आणि केवळ ड्रायरवर भिस्त ठेवणाऱ्या जागी त्या वेळी हात पुसायला काहीच उरत नाही. ड्रायर बसवला तरी शेजारी कागदाची पेटी ठेवणे येथे अत्यावश्यक आहे.

खर्चाचे गणित वाटते तितके अवघड नाही. दोन किलोवॉटचे गरम हवेचे यंत्र ३० सेकंद चालले, तर एका युनिट विजेत ६० जणांचे हात वाळतात. एक किलोवॉटचे जेट यंत्र १२ सेकंद चालले, तर ३०० जणांचे. याउलट हजार माणसांच्या कार्यालयात प्रत्येकाने दिवसातून चारदा हात धुतले आणि दर वेळी दोन कागद घेतले, तर रोज ८,००० कागद लागतात. हिंजवडीतल्या मोठ्या इमारतींनी ड्रायरकडे वळावे यामागे हेच गणित असते, आणि ते गैर नाही. कागद कमी लागावा म्हणून अमेरिकेतील जो स्मिथ यांनी २०१२ मधील टेड भाषणात एक सोपी युक्ती दाखवली : आधी हात बारा वेळा झटकायचे, मग एकाच कागदाची घडी घालून पुसायचे. झटकायचे अर्थातच बेसिनमध्ये; फरशीवर नव्हे.

कायद्यानेही या विषयाला स्पर्श केला आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४२ ने कामगारांसाठी हात-तोंड धुण्याची पुरेशी, स्वच्छ आणि सहज पोचता येईल अशी सोय, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, बंधनकारक केली. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतील चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्यांसाठी हात धुण्याबरोबर ते कोरडे करण्याच्या सोयीचाही उल्लेख आहे. याच प्राधिकरणाने २०१६ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याविरुद्ध इशारा दिला होता, कारण छपाईच्या शाईतली रसायने अन्नात उतरतात. बेसिनपाशी हात पुसायला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे ठेवणाऱ्या हॉटेलांनीही तो वाचायला हवा. ओल्या हातांवर शाई अधिकच उतरते, आणि असा कागद पाणीही धड शोषत नाही.

या सगळ्यावरून मुळशीपुरती निवड अशी करता येते. दवाखाने, पौडसारखी ग्रामीण रुग्णालये, हॉटेलांची स्वयंपाकघरे आणि खाद्यपदार्थांचे कारखाने येथे कागदच असावा. येथे काटकसर करू नये. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत, मॉलमध्ये आणि विद्यापीठांत गाळणी असलेला ड्रायर चालेल, सोबत कागदाची छोटी पेटी असावी. कोविड काळात अनेक ठिकाणी ड्रायर बंद ठेवले गेले, तरी जागतिक आरोग्य संघटनेने कागद किंवा गरम हवा, कशानेही हात पूर्ण कोरडे करावेत असेच सांगितले होते. यंत्रांवर काम करणाऱ्या कारखान्यांत हाताला वंगण असते. तेथे हवा निरुपयोगी, जाड कागद हवा. यंत्र पुसायच्या कॉटन वेस्टनेच हात पुसण्याची सवय मोडायला हवी. त्यात धातूचे बारीक कण असतात आणि त्याच हातांनी डबा उघडला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळांना रोजचा कागद परवडणार नाही. तेथे बालवाडीतल्या मुलांच्या सदऱ्याला पिनेने लावलेला रुमाल हाच उत्तम उपाय, रोज धुतलेला आणि ज्याचा त्याचा. दर वर्षी १५ ऑक्टोबरला शाळांमधून हात धुवा दिन साजरा होतो. मुले फेस करून हात चोळतात, टाळ्या वाजतात. त्या प्रात्यक्षिकात शेवटी रुमालाने हात पुसून दाखवणे सहज घालता येईल.

साधन बसवल्यावर ते सांभाळणाऱ्या हाउसकीपिंगच्या माणसांचा विचार खरेदीच्या वेळीच व्हायला हवा, कारण रिकामी टिशूची पेटी आणि बंद ड्रायर यांत काही फरक नाही. जेट यंत्राच्या तळाशी पाणी साचते, ते रोज काढून जंतुनाशकाने पुसावे लागते. कागदासाठी पायाने उघडणारी मोठी कचरापेटी लागते आणि ती दाराजवळ असावी, म्हणजे दाराची मूठ कागदाने धरून बाहेर पडता येते. स्वच्छतागृहातला हात पुसलेला साधा कागद इतर ओल्या कचऱ्याबरोबर कुजून खत होऊ शकतो, पण प्लास्टिकच्या पिशवीत सॅनिटरी पॅडबरोबर बांधला गेला की तो सगळाच वाया जातो. म्हणून दोन पेट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि हाउसकीपिंगच्या माणसांना त्या वेगळ्या उचलण्यासाठी हातमोजे व पुरेसा वेळ द्यावा लागतो.