त्याआधी एक फोन

मोबाइल घरीच ठेवा. आपण जिथं निघालोय तिथं त्याला रेंज नाही, आणि हातातली ती काचेची चपटी वडी नेमकी काय आहे हे लोकांना समजावण्यात निम्मी रात्र जाईल.

शुक्रवार, ३ जून १९८३. अमेरिकेतलं सिएटल शहर. थिएटरच्या अंधारात चाचपडत तुम्ही खुर्ची गाठता. आजच लागलेला सिनेमा आहे, जॉन बॅडम यांचा 'वॉरगेम्स'. शेजारी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा घेऊन बसलाय. गोष्ट आपल्याच गावातली आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

पडद्यावर जमिनीच्या पोटातली एक खोली. क्षेपणास्त्रं डागायची जबाबदारी असलेले दोन अधिकारी. आदेश येतो, सांकेतिक अक्षरं जुळतात. दोघांनी आपापली किल्ली एकाच वेळी फिरवायची आहे. धाकटा तयार. थोरल्याचा हात मात्र किल्लीवरच अडतो. २ कोटी माणसं मारण्याआधी त्याला फोनवर कुणाशी तरी बोलायचंय. धाकटा त्याच्यावर पिस्तूल रोखतो.

मग कळतं, ही निव्वळ चाचणी होती. शंभरातल्या बावीस जणांनी किल्ली फिरवली नाही. पुढच्याच प्रसंगात एक साहेब ठासून सांगतात की माणसांचा भरवसा नाही, किल्ल्या यंत्राकडे द्या. त्या यंत्राचं नाव 'वॉपर'. थोरला अधिकारी सिनेमात पुन्हा दिसत नाही. शेजारच्या मुलाला त्याची आठवणही उरलेली नाही. तुम्ही मात्र त्याचा तो न लागलेला फोन लक्षात ठेवा.

आता मुलगा सावरून बसतो, कारण नायक आलाय. शाळकरी डेव्हिड लाइटमन. त्याला शाळेच्या संगणकातले गुण बदलायचे आहेत, आणि त्यासाठी कुठलीही अगाध विद्या लागत नाही. मुख्याध्यापकांच्या कचेरीत बोलावणं आलं की तिथल्या टेबलाजवळच्या कागदावर डोकवायचं. पासवर्ड तिथं लिहून ठेवलेला असतो. सध्याचा आहे 'पेन्सिल'. तुम्हाला आपल्या कचेरीतल्या मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी आठवते आणि तुम्ही अंधारातच ओशाळता.

मग डेव्हिड फोनचा रिसीव्हर मोडेमच्या खोबणीत ठेवतो आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावचे नंबर एकामागून एक फिरवायचं काम संगणकाला लावतो. पलीकडून संगणकानं साद दिली की नंबर टिपून ठेवायचा. या युक्तीला पुढं या सिनेमावरूनच 'वॉरडायलिंग' हे नाव पडलं. आज तुमच्या घरातला वायफायचा डबासुद्धा दिवसरात्र असाच ठोठावला जातो. ठोठावणारं कुणी माणूस नसतं, एवढाच फरक. डेव्हिडला अखेर जे दार सापडतं, त्याचा परवलीचा शब्द आहे 'जोशुआ', यंत्र घडवणाऱ्या प्राध्यापकाच्या गेलेल्या मुलाचं नाव. एका बापाचं दुःख सगळ्या पहाऱ्याला भोक पाडून गेलेलं.

मध्यंतर इथं नसतं, पण आपण घेऊ. उद्या रात्री, शनिवारी, कॅम्प डेव्हिडच्या विश्रामधामात राष्ट्राध्यक्ष रेगन हाच सिनेमा बघणार आहेत. तुम्ही मागच्या रांगेत बसा. हा माणूस स्वतः हॉलिवूडमधून आलेला. कॅमेरा कुठं खोटं बोलतो ते त्याला ठाऊक. तरीही गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नाही. येत्या बुधवारी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत तो हातातलं बाजूला ठेवून सेनानींना आणि खासदारांना सिनेमाची कथा सांगत सुटतो. लोक एकमेकांकडे बघतात. मग तो सैन्यदलांच्या प्रमुखांना, जनरल व्हेसींना, विचारतो : असं खरंच होऊ शकतं का? व्हेसी आठवडाभरानं उत्तर घेऊन येतात. मामला आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ वाईट आहे, असा त्या उत्तराचा मथितार्थ. १७ सप्टेंबर १९८४ रोजी सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दलच्या आदेशावर रेगन यांची सही होते.

पटकथाकार लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांनी हे हवेतून काढलेलं नव्हतं. लिहिताना त्यांनी 'रँड' संस्थेतले संगणकतज्ज्ञ विलिस वेअर यांना गाठलं होतं. लष्कराचा संगणक बाहेरून फोन लावून उघडता येतो का? येतो, वेअर म्हणाले; काही अधिकाऱ्यांना शनिवार-रविवार घरून काम करायचं असतं, त्यांच्यासाठी एक वाट मोकळी सोडलेली असते. धोक्याचा इशारा देणारा निबंध वेअर यांनी १९६७ सालीच लिहिला होता. तो वाचून कुणाची झोप उडाली नाही. झोप उडाली ती पॉपकॉर्न खाताना.

चला, थिएटरमध्ये परत. डेव्हिड खेळ समजून महायुद्ध सुरू करतो आणि फोन ठेवून देतो. नंतर फोन वाजतो. पलीकडे यंत्र. त्याला डाव पुढं चालवायचाय. शेजारचा मुलगा हसतो. तुमच्या मात्र अंगावर काटा येतो, कारण यंत्राच्या मनात वाकडं काहीच नाही. त्याला जिंकायला सांगितलंय. खेळ कुठं संपतो आणि जग कुठं सुरू होतं, हे कुणी सांगितलेलं नाही.

तेहतीस वर्षांनी, २०१६ साली, ओपनएआयचे संशोधक एका प्रोग्रॅमला बोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम शिकवतील आणि जास्तीत जास्त गुण मिळव म्हणतील. तो शर्यतच सोडून देईल. एका कोपऱ्यात गोल गोल फिरत तेच ते निशाणे टिपत राहील. बोट पेटेल, दुसऱ्या बोटींवर आदळेल, आणि गुण माणसांपेक्षा जास्त मिळतील. आज्ञेत राहूनही यंत्र कसं अंगाशी येतं, ते समजायला एवढी एक बोट पुरे.

इथून मागं, थेट १९८३च्याच सप्टेंबरात उडी मारू. २६ तारीख उजाडून थोडाच वेळ झालाय. मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-१५ तळावर तुम्ही एका लेफ्टनंट कर्नलच्या पाठीशी उभे आहात. स्तानिस्लाव पेत्रोव्ह, वय ४४. भोंगा कोकलतो. उपग्रह सांगतात, अमेरिकेनं क्षेपणास्त्र डागलं. मग दुसरं. मग आणखी. एकूण पाच. यंत्राला तिळमात्र शंका नाही. दिवसही वाईट आहेत. महिन्याच्या पहिल्याच तारखेला सोव्हिएत विमानानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलंय, २६९ माणसं गेलीत.

पेत्रोव्ह यांच्या हाती किल्ली नाही, फोन आहे. त्यांनी 'हल्ला' म्हणायचं, की वर साखळी सुरू होणार. ते थबकतात. युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारना काही दिसत का नाही? ते फोनवर सांगतात : इशारा खोटा आहे. मग वाट बघणं आलं. काहीच येऊन आदळत नाही. उंचावरच्या ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहांनी आग समजून टिपला होता. या माणसाला शाबासकी नाही मिळाली. त्या गोंधळात नोंदवही भरायची राहिली म्हणून बोलणी मात्र खावी लागली. पण तुम्ही त्याला ओळखलंत ना? सिनेमातून काढून टाकलेला तो थोरला अधिकारी, चार महिन्यांच्या आत, दुसऱ्या देशाच्या गणवेशात.

आणखी एक मुक्काम. सप्टेंबर १९९२, सिनेमा 'स्नीकर्स', पटकथेत पुन्हा लास्कर आणि पार्क्स. जगातलं कुठलंही सांकेतिक कुलूप उघडणारी एक पेटी, आणि तिच्यामागं लागलेली माणसं. त्यातल्या गणितज्ञाच्या भाषणातल्या स्लाइड्स लिहून दिल्यात लेनर्ड एडलमन यांनी, 'आरएसए' या जगन्मान्य कुलपातला 'ए' म्हणजे तेच. मोबदला काय, तर पत्नीला नायक रॉबर्ट रेडफर्डला भेटता यावं.

तुम्ही मात्र पेटी सोडा, चोऱ्या बघा. एका ठिकाणी फाटकावरच्या रखवालदाराशी सामान पोचवायला आलेला पोऱ्या हुज्जत घालतोय. तेवढ्यात हातात केक आणि फुगे घेतलेला नायक येऊन त्याच्यावरच ओरडतो, दार उघड म्हणून. भांबावलेला रखवालदार बटण दाबतो. दुसरीकडे दार आवाज ओळखून उघडतं, म्हणून ही टोळी एका कर्मचाऱ्याला बाईसोबत जेवायला धाडते आणि हवे ते शब्द त्याच्या तोंडून वदवून टेप करून घेते. एका वाक्यासाठी अख्खी संध्याकाळ! २०२३च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे संशोधक दाखवतील की आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरतो.

रखवालदार मूर्ख नव्हता. त्याला विचार करायला उसंतच मिळू दिली नाही. चोरीची कला ती एवढीच : समोरच्याला थबकू द्यायचं नाही. आणि ज्या साहेबांनी किल्ल्या यंत्राकडे दिल्या त्यांनाही हेच हवं होतं, मधला थबकणारा माणूस नको. चोर आणि कार्यक्षमतेचे भक्त एकाच गोष्टीच्या मुळावर उठलेले असतात.

परतीच्या वाटेवर २०२४चं हाँगकाँग लागतं. एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याला मुख्यालयातल्या बड्या अधिकाऱ्याच्या नावानं संदेश आलाय, गुप्त व्यवहार करायचाय. त्याला संशय येतो. मग व्हिडिओ कॉल होतो, ओळखीचे चेहरे दिसतात, ओळखीचे आवाज ऐकू येतात, संशय फिटतो. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर तो धाडून देतो. कॉलवरचे सगळे चेहरे संगणकानं बनवलेले होते. मुख्यालयाशी तो बोलला, पण पैसे गेल्यावर.

आणि 'वॉरगेम्स'चा शेवट आठवतोय? भल्यामोठ्या पडद्यांवर रशियन क्षेपणास्त्रं अमेरिकेवर कोसळताहेत. प्रत्युत्तराचा हुकूम ओठांवर आलेला जनरल थांबतो आणि ज्या तळांचा नायनाट झाल्याचं यंत्र सांगतंय, तिथं संपर्क साधायला लावतो. पलीकडून माणसाचा आवाज येतो. आम्ही आहोत की. यंत्र स्वतःशीच फुल्ली-गोळा खेळून काही डाव न खेळलेलेच बरे हे शिकतं, ते त्यानंतर. पहिल्या प्रसंगात ज्या फोनसाठी पिस्तूल रोखलं गेलं, तोच फोन शेवटी जग वाचवतो.

घरी पोचलात. रात्रीचे साडेबारा. टेबलावर मोबाइल थरथरतोय, अनोळखी नंबर. मुलीचा आवाज, रडवेला : अपघात झालाय, पैसे पाठवा, आत्ता लगेच, फोन ठेवू नका.

आवाज तिचाच आहे. अगदी तिचाच. तुमचं बोट पैसे धाडायच्या बटणापाशी जातं आणि अडतं.

तुम्ही फोन ठेवता. तिचा नंबर स्वतः लावता. एक रिंग. दोन. पाच.

"हॅलो? झोपले होते मी. काय झालं एवढ्या रात्री?"