स्वमग्न : एका शब्दाची सावली

'स्वमग्न' हे विशेषण मराठी समीक्षेला अपरिचित नाही. अंतर्मुख कवीला आपण ते सहज बहाल करतो. 'ऑटिझम'साठी 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा त्याची ही जुनी अर्थच्छटाही सोबत आली. स्वतःतच रमलेल्या माणसाला दुःख कुठले, असे आपण नकळत गृहीत धरले. या गृहीताला इतिहासानेही हातभार लावला आहे.

मूळ संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांची. तीही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भातली. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणातून स्वतंत्र अवस्था म्हणून तिची मांडणी केली. ठरलेला क्रम मोडताच या मुलांना ग्रासणारी चिंता त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. अमेरिकी वर्गीकरणाने १९८० साली स्वमग्नतेला स्किझोफ्रेनियापासून वेगळे केले, हे उचितच झाले. पुढे मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९४च्या आवृत्तीनुसार स्वमग्न मुलाच्या अवधानदोषाचे वेगळे निदान करता येत नसे. ही आडकाठी २०१३ साली दूर झाली. २०१९ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलेल्या एकत्रित विश्लेषणात स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंताविकाराचे प्रमाण सुमारे २० टक्के, तर नैराश्यविकाराचे ११ टक्के आढळले.

आपले कायदेही असेच चालले. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात मनोविकार होता, स्वमग्नता नव्हती; १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली, मनोविकार नाही. २०१६च्या कायद्यात दोन्ही आले, पण वेगवेगळ्या शीर्षकांखाली. माणूस मात्र एकच असतो.

आता वाणगावचा विचार करू. मिरचीच्या मळ्यांचे हे गाव १ ऑगस्ट २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. जिल्हा बदलला, १९०१ पासूनचे मनोरुग्णालय ठाण्यातच राहिले. तिथे पोचायचे तर गाडी बदलणे आले, गर्दी आणि गोंगाट आला. ज्याला क्रमभंगाचीच धास्ती, त्याच्यासाठी उपचाराची वाटच आजार वाढवणारी. मग एखाद्या तरुणाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि घरचे म्हणतात, "तो तसाच आहे."

हे 'तसाच' म्हणजे इतिहासाने आपल्या हाती दिलेले उत्तर आहे. काल तो असा नव्हता, हे ज्याच्या लक्षात येते, त्याच्यापासूनच उपचाराला सुरुवात होते.